काजळखोऱ्याचा पाचवा भाग

सोमवारी सकाळी अकरा वाजता वैजयंतीताईंची सांधणी कायम होणार होती. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी, त्यांच्याच घरात चहाचा कप हातात असताना, मला कळलं की गेले अडीच महिने त्यांच्या डोक्यात जे चाललं आहे ते त्यांचं नाही, माझं आहे.

मी शर्वरी ढवळे, मूळची इचलकरंजीची, मिरजेच्या एका मेंदूच्या रुग्णालयात तंत्रज्ञ. हे झालं पोटापाण्याचं. एरवी मी 'काजळखोरे'वाली. ही कादंबरीमालिका ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आणि थोडक्यात सांगणं मला जमत नाही हे माझा नवरा शपथेवर सांगेल. वैजयंती आठल्ये यांनी चार जाडजूड भागांत एक अख्खा मुलूख उभा केला. तिथे जादू म्हणजे 'ओढ'. ओढकरी माणूस डोळे मिटून नदी ओढतो, आग ओढतो, दुसऱ्याची झोपही ओढतो, आणि ती त्याच्याकडे येते. पण प्रत्येक ओढीमागे कुठेतरी 'तूट' होते. कुणाचा आवाज जातो, कुणाचं बोट, कुणाची लहानपणीची आठवण. ही तूट कुणाची होते आणि केव्हा, याचा नियम ताईंनी चार भागांत कुठेच सांगितला नाही. पाचव्या भागात सांगेन म्हणाल्या, आणि अकरा वर्षं पाचवा भाग आलाच नाही.

अकरा वर्षं रिकाम्या बसलेल्या वाचकांनी काय करावं? आम्ही नियम शोधत बसलो. 'ओढकट्टा' नावाच्या आमच्या मंचावर नऊ हजार माणसं होती आणि सिद्धांत त्याहून जास्त. माझा सिद्धांत 'आधी-तूट' म्हणून ओळखला जायचा. जादूची किंमत नंतर द्यावी लागत नाही, ती आधीच वसूल होते. तूट झाली की समजावं, आता ओढ येणार. आधार दुसऱ्या भागातला. नायिका मायंदा हिचा डावा कान एका प्रकरणात बहिरा होतो, आणि पुढच्याच प्रकरणात ती पुराची नदी मागे ओढते. लोक म्हणायचे, अहो, आमच्या प्रतीत आधी नदी आहे, मग कान. मी नाक वर करून सांगायचे की तुमची आवृत्ती नंतरची, माझ्याकडे पहिली आहे, वाचनालयाने रद्द केलेली प्रत. ताईंनी पहिल्यांदा खरं छापलं आणि मग घाबरून क्रम बदलला. एवढ्या एका मुद्द्यावर मी मंचावर सहा वर्षं राज्य केलं.

आणि मग एक दिवस ताई आमच्याच रुग्णालयात आल्या. वय बहात्तर, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, सोबत धाकटे भाऊ मुकुंदकाका. ताईंनी लग्न केलं नव्हतं, काकांची पत्नी गेलेली. दोघं भावंडं एकत्र राहायची.

सांधणी म्हणजे काय ते सांगते. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. मेंदू प्रत्येक वेळी ती नव्याने जुळवतो, आणि स्मृतिभ्रंशात ही जुळवाजुळव सुरूच होत नाही. आम्ही मेंदूच्या आत, आठवणी जुळवणाऱ्या भागाशेजारी, केसाहून बारीक तारांचा एक पुंजका ठेवतो. माणूस काही आठवायला लागला की यंत्र ती धडपड ओळखतं आणि पुढचा धक्का देतं. जिथे मुळात काही शिल्लकच नाही, तिथे धक्का कसला द्यायचा हे यंत्र त्या माणसाच्या कागदांवरून ठरवतं. त्याची पत्रं, रोजनिशी, टिपणं, आवाज, सगळं आम्ही आधी यंत्राला वाचायला देतो. आणि मेंदू आलेला धक्का स्वतःचाच मानतो. बाहेरून आलेल्या आठवणीवर तसा शिक्का नसतो.

हे नव्वद दिवस चालतं. आठवण प्रत्येक वेळी वर येते तेव्हा मऊ होते आणि खाली जाताना पुन्हा घट्ट होते. नव्वद दिवसांत आजूबाजूच्या पेशी हे धक्के शिकून घेतात. मग आम्ही सांधणी 'कायम' करतो, आणि त्यानंतर मूळचं कुठलं, घातलेलं कुठलं, हे देवालाही सांगता येणार नाही. त्याआधी यंत्र बंद केलं तर घातलेलं काही आठवड्यांत विरतं. पण मिळालेला आधारही विरतो, आणि ताईंच्या वयात पेशी दुसऱ्यांदा हा ताण सोसत नाहीत.

ताईंचे कागद यंत्राला देण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या अकरा वह्या होत्या. मंचावरच्या लोकांनी त्या बघण्यासाठी हात तोडून दिला असता. नवव्या वहीत, ताईंच्या तिरक्या अक्षरात, माझा सिद्धांत पानभर लिहिलेला होता. 'तूट आधी. मायंदा सगळी किंमत आगाऊ देते. शेवटी देण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ती काहीही ओढू शकते.' मला रडू आलं. मी बरोबर होते. मी एकटी बरोबर होते.

नियम असा की वह्या यंत्राला देण्याआधी नातेवाइकांसोबत बसून विचारायचं, हे कागद कसले, यात रुग्णाचं स्वतःचं मत आहे का. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मंचावरची आहे हे बाहेर आलं असतं, आणि ताईंचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. शिवाय विचारायचं काय? मला ठाऊकच होतं. मी रकान्यात खूण केली, 'विचारून खात्री केली', आणि खाली सही ठोकली.

ताई खुलल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या लिहायला बसल्या. दहाव्या आठवड्यात पाचव्या भागाची एकशे चाळीस पानं तयार होती, आणि मायंदा त्यात तूट आगाऊ देत चालली होती, एकेक बोट, एकेक नाव. मी आठवड्यातून दोनदा तपासणीला जायचे, ताई मला ताजं पान वाचून दाखवायच्या, आणि मी घरी येऊन नवऱ्याला काहीही न सांगता हसत बसायचे.

त्या शुक्रवारी मी माझी जुनी प्रत सहीसाठी नेली होती. ताई आत झोपल्या होत्या. मुकुंदकाकांनी ती हातात घेतली. काजळखोऱ्याचे पहिले तिन्ही भाग त्यांच्याच छापखान्यात छापलेले, आणि मुद्रकाच्या हातात पुस्तक दिलं की तो आधी पाठ बघतो. माझ्या प्रतीची पाठ सुटायला आली होती. काकांनी ती अलगद उलगडली, चष्मा कपाळावर नेला आणि हसायला लागले. म्हणाले, "अगं, ही त्यातलीच की. फर्मे उलटे लागलेली."

मी विचारलं, म्हणजे काय. त्यांनी सविस्तर सांगितलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं बनतं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापतात, दर वेळी थोडी खाली, म्हणजे सगळे फर्मे नीट लागले की पाठीवर खुणांचा जिना दिसतो. माझ्या प्रतीत जिन्याच्या दोन पायऱ्या वरखाली होत्या. एरवी अशी चूक पानांच्या आकड्यांवरून लगेच कळते. पण दुसऱ्या भागात पानांना आकडे नव्हते. काजळखोऱ्यात मोजणं निषिद्ध, म्हणून पुस्तकातही आकडे नकोत, असा ताईंचा हट्ट. आणि प्रत्येक प्रकरण बरोब्बर सोळा पानांचं, हा दुसरा. काका तेव्हा ताईंशी दोन दिवस बोलले नव्हते. त्यात व्हायचं तेच झालं. तीसेक प्रती बांधणीतून तशाच सुटल्या, बहुतेक वाचनालयांकडे गेल्या, कुणी परत केल्या नाहीत.

माझा चहा निवून गेला. माझ्या प्रतीत कान आधी गेला होता कारण बांधणी करणाऱ्या कामगाराने दोन गठ्ठे चुकीच्या क्रमाने उचलले होते. ताईंनी कधी काही लपवलं नव्हतं. पहिल्या आवृत्तीचं गुपित, मंचावरचे माझे तक्ते, सहा वर्षांची भांडणं, सगळं एका कामगाराच्या दुपारच्या पेंगेवर उभं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लगेच पुढचा प्रश्न आला. मग नवव्या वहीत ते ताईंच्या अक्षरात कसं?

मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं की त्या वह्यांमध्ये ताई काय लिहितात.

"टाकायचं ते," काका म्हणाले. "तिची पहिल्यापासूनची रीत. जे पुस्तकात घ्यायचं ते डोक्यात, जे नको ठरलं ते वहीत. लिहिलं की सुटका होते म्हणते. तुम्ही लोक नेटवर काय काय लिहिता ना, तेही उतरवून ठेवायची. हे सगळ्यांना सुचलंय, म्हणून हे नको."

अकरा वह्या, आणि अकराही नकोची यादी; नवव्या वहीतलं ते पान म्हणजे मंचावरून उतरवलेला माझाच सिद्धांत. ताईंनी आयुष्यभर जे जे नाकारलं ते सगळं मी गोळा करून त्यांच्या मेंदूत भरलं होतं, आणि मेंदूने ते आपलं म्हणून घेतलं होतं. काकांना पाचवा भाग वाचायची परवानगी नव्हती. छापायला येईपर्यंत वाचायचा नाही ही त्या घरची शिस्त. त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. सोमवारला तीन दिवस होते.

शनिवारी मी आमच्या विभागप्रमुख डॉ. निलोफर मुजावर यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं, सहीसकट. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे ताईंच्या चाचण्यांचे आलेख उघडले. भाषा, दिशा, माणसं ओळखणं, सगळं वर चाललेलं. म्हणाल्या, वह्यांचा भाग वेगळा काढता येणार नाही, तो सगळीकडे पसरलाय. बंद करायचं तर सगळंच बंद. मग महिन्याभरात बाई होत्या तिथे, किंवा त्याच्या खाली. आणि चालू ठेवलं तर एक हिंडतीफिरती, लिहिती, आनंदी बाई मिळते, जिच्या कादंबरीचा शेवट मूळचा नाही. तुझी चौकशी होईलच, ते वेगळं. पण निर्णय तुझा नाही आणि माझाही नाही, त्यांना विचारावं लागेल. सोमवारच्या आत.

रविवारी सकाळी मी ताईंसमोर बसले. काकाही होते. मी पाठ करून गेलेली वाक्यं पहिल्या मिनिटात संपली. मग जसं आलं तसं सांगत गेले, मंच, प्रत, नववी वही, खूण केलेला रकाना. ताई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. शाळेत इंग्रजी शिकवायच्या तेव्हाही असंच बघायच्या म्हणे, आणि मुलं आपोआप खरं बोलायची.

"म्हणजे गेले अडीच महिने मी तुझी कादंबरी लिहितेय," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांनी लिहिलेल्या पानांचा गठ्ठा पुढे ओढला, मधलंच एक पान काढून वाचलं, मग आणखी एक. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाल्या, हे मला आठवतंय. हे मला कधी सुचलं तेही आठवतंय, कृष्णेच्या घाटावर, पाऊस नव्हता, पायाला चिखल होता. तो चिखलही खोटा का? मी म्हटलं, असेल. मला माहीत नाही.

"आणि माझं खरं काय होतं?"

"तेही मला माहीत नाही, ताई."

बंद केलं तर ते परत येईल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. धक्के थांबल्यावर कधीकधी खालचं मूळचं थोडा वेळ वर येतं. कधी येत नाही. आलं तरी टिकणार नाही. आणि चालू ठेवलं तर तुम्ही पुस्तक पूर्ण कराल, लोक डोक्यावर घेतील, काकांना तुम्ही ओळखाल.

काका पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, वैजू, मला तुझ्या पुस्तकाचं काही नाही. ताईंनी त्यांचा हात धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की उद्या बंद कर. दुसऱ्याचं घेऊन शहाणी राहण्यापेक्षा स्वतःचं घेऊन वेडी झालेली परवडेल, आणि हे मी आत्ता शुद्धीत सांगतेय, तेव्हा कागद आण.

फाटकापाशी काकांनी मला गाठलं. "तुला सांगायलाच हवं होतं का गं?" एवढंच म्हणाले. आधी विचारलं नाहीस म्हणून रागावले असते तर मी समजू शकले असते. ते मी सांगितल्याबद्दल रागावले होते.

सोमवारी कायम करण्याच्या जागी आम्ही बंद केलं. मला निलंबित केलं गेलं, तेही योग्यच होतं. मी रोज सकाळी ताईंकडे जाऊ लागले. काकांनी पहिले चार दिवस दार उघडून तोंड फिरवलं, पाचव्या दिवशी चहा विचारला. घरात माणूस लागत होतं, आणि मी रिकामी होते.

पहिल्या आठवड्यात नावं गेली. दुसऱ्यात ती एकशे चाळीस पानं गेली. ताईंनी गठ्ठा उचलून विचारलं, हे कुणाचं हस्तलिखित आलंय? पण एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात रुतून बसली होती. आपल्या डोक्यात कुणीतरी परकं काही घालून ठेवलंय, एवढं त्यांना पक्कं आठवायचं, कुणी ते विसरून. प्रत्येक आठवण वर आली की त्या घाबरायच्या. आईची हिरवी साडी आठवली की विचारायच्या, "मुकुंदा, हे माझं का?" काका म्हणायचे, तुझंच. मग खांदे सैल व्हायचे. शाळेच्या मैदानावरचा पिंपळ, टायफॉईड, दादरला बघितलेलं नाटक. माझं का? तुझंच. दिवसात चाळीस वेळा हे चालायचं, आणि काका एकदाही कंटाळले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळचे दहा वाजले असतील, काका केस कापायला गेले होते. मी शेंगा सोलत होते. ताई खुर्चीत होत्या. काहीही कारण नसताना त्या म्हणाल्या, "तो कान तिच्या ओढीने गेलाच नव्हता."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

त्या बोलत राहिल्या, वर्गात बोलावं तशा, सलग, स्वच्छ. ओढणाऱ्याची तूट कधीच होत नाही. होते ती शेजारी उभा असेल त्याची. नदी ओढली तेव्हा मायंदाच्या शेजारी तिची गुरू ओमळ उभी होती, आणि त्याच वेळी ओमळने वारा ओढला. म्हणून कान मायंदाचा गेला. आणि ओमळचे डोळे मायंदाने घेतले. दोघींना वाटत राहिलं आपण आपलीच किंमत देतोय. चारही भाग सगळे ओढकरी हाच अभिमान बाळगून जगतात की आम्ही सोसतो. खरं सोसणारे बाजूला उभे असतात, त्यांना कुणी विचारत नाही. हे मायंदाला शेवटी कळतं. मग ती एकटीच रानात निघून जाते, म्हणजे कुणाची तूट होऊ नये. पण जवळ माणूस नसेल तर ओढ लागतच नाही. "मग ती काय करते?" मी विचारलं, आणि ताई हसल्या. म्हणाल्या, मग काय, नदी आडवी आली तर थांबते. पाणी उतरलं की पलीकडे जाते. माणसासारखी.

माझ्या डोळ्यांपुढून चारही भाग गेले. गावप्रमुखाचा मुका मुलगा, वैदूची विसरभोळी बायको, राजाच्या शेजारी उभा राहणारा तो बोटं नसलेला चवरीवाला. प्रत्येक ठिकाणी नियम उघड्यावर पडलेला होता. नऊ हजार माणसांनी फक्त ओढणाऱ्याकडे बघितलं, कारण आम्हाला व्हायचं होतं ते ओढकरी. मी तर सही करून ओढ केली होती, आणि शेजारी ताई बसल्या होत्या.

काका आले तेव्हा मी धावत फाटकापर्यंत गेले. त्यांना हाताला धरून आणलं, ताईंना म्हटलं, पुन्हा सांगा, काकांना सांगा. ताईंनी माझ्याकडे बघितलं. काय सांगू, त्यांनी विचारलं. दहा मिनिटंही झाली नव्हती.

मग मीच सांगितलं. त्यांचेच शब्द, त्याच क्रमाने, एकही न गाळता. शेजारच्याची तूट, ओमळचा वारा, रान, उतरलेलं पाणी. सांगताना मला वाटत होतं की आत्ता चेहरा उजळेल, आत्ता म्हणतील, हो, हेच.

ताईंचे डोळे बारीक झाले. "हे कुणाचं?" त्या म्हणाल्या. "हे माझं का?"

मी म्हटलं, तुमचंच आहे, ताई. आत्ता तुम्हीच सांगितलंत.

त्यांनी काकांकडे बघितलं. काका काही म्हणेनात, कारण काकांनी ऐकलेलं नव्हतं आणि 'माझं का?' या प्रश्नाला त्यांनी कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. ताईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. म्हणाल्या, मला आठवत नाही. मग ते माझं कसं? पुन्हा आलंय का कुणी आत? मी जवळ गेले तर त्या मागे सरकल्या. आयुष्यभर ज्या बाईच्या एका ओळीसाठी मी जीव टाकला तिला मी आजाराहूनही भीतिदायक वाटत होते. मी आणखी एकदा म्हटलं, तुमचंच आहे, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला अजून जोर लावता आला असता. रोज सांगितलं असतं, पुन्हा पुन्हा, तर पंधरा दिवसांत त्यांनी ते आपलं म्हटलं असतं. मला हे कसं होतं ते चांगलं माहीत आहे, माझं कामच ते होतं. आणि ते त्यांचं नाही म्हटलं तर पाचवा भाग तिथेच संपत होता. ताईंच्या तोंडून माझ्याशिवाय तो कुणी ऐकलेला नव्हता, आणि मी सांगितला तर ओढकट्ट्यावर तो माझाच आणखी एक सिद्धांत ठरणार होता.

"माझंच आहे, ताई," मी म्हटलं. "माझ्याच डोक्यातलं. तुमच्या डोक्यात कुणी नाही."

त्यांनी माझा चेहरा नीट निरखला. हळूहळू दांड्यावरची पकड सुटली, खांदे सैल झाले. काकांनी पुढे केलेलं पाणी त्या दोन घोट प्याल्या. मग त्यांच्यातली जुनी बाई क्षणभर परत आली, शिष्याच्या वहीवर शेरा मारणारी.

"चांगलं सुचलंय तुला," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पुस्तकात नको."

मी बरं म्हटलं.